गर्भिणीचें रक्त आणि आपल्या शेतांतील लोह

नागपुराभोंवतालच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींत ज्यांनीं संत्र्याच्या बागा लावल्या आहेत त्यांना एक विकार चांगला ओळखीचा असतो. झाडाच्या शेंड्याकडील नवीं पानें पिवळीं पडतात, त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, झाड खुरटतें आणि फळ लहान येतें. हा विकार लोहाच्या अभावाचा होय. परंतु जमिनींत लोह नसतें असें मुळींच नाहीं. काळ्या मातींत तें भरपूर असतें. चुन्याच्या योगानें तें अशा रूपांत जखडून जातें कीं मुळांना तें उचलतां येत नाहीं. म्हणून जाणता बागाइतदार पानांवर हिराकशीचा फवारा देतो, आणि जमिनींत शेणखत व पालापाचोळा घालून जखडलेलें लोह मोकळें होईल अशी तजवीज करतो.

हीच गोष्ट आपल्या घरांतील गर्भिणीच्या शरीरांत घडत असते, आणि तिकडे मात्र आपलें लक्ष तितकें जात नाहीं. तिच्या ताटांत लोह असतें. तें तिच्या रक्तांत पोंचत नाहीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पांचव्या फेरींत, म्हणजे २०१९ ते २०२१ ह्या काळांत, महाराष्ट्रांतील गर्भिणींपैकीं ४५.७ टक्के बायकांचें रक्त कमी आढळलें. सबंध देशांत हें प्रमाण ५२.२ टक्के होतें. रक्त कमी म्हणजे १०० मिलिलिटर रक्तांत हिमोग्लोबिन नांवाचें तांबडें द्रव्य ११ ग्रॅमहून कमी. दर दोन गर्भिणींत जवळजवळ एक असा हा हिशेब पडतो. शेतांतील निम्म्या झाडांचीं पानें पिवळीं पडलेलीं पाहून कोणता शेतकरी स्वस्थ बसेल?

रक्त कमी असण्याचा परिणाम नुसत्या अशक्तपणावर थांबत नाहीं. बाळंतपणांत थोडाबहुत रक्तस्राव व्हावयाचाच. निरोगी बाई अर्धा लिटर रक्त गेलें तरी सांवरते. जिचें हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खालीं गेलेलें आहे तिच्या जिवावर तेवढेंच बेततें. मूलही दिवस भरण्यापूर्वीं किंवा कमी वजनाचें होण्याचा संभव वाढतो. शिवाय अंगावर पिणाऱ्या मुलास पहिल्या सहा महिन्यांत जें लोह लागतें तें बव्हंशीं पोटांत असतांनाच आईकडून घेतलेलें असतें, कारण आईच्या दुधांत लोह थोडें. आईजवळच नसेल तर मुलाचीही शिदोरी अपुरी राहते.

गर्भारपणाच्या सुमारें २८० दिवसांत बाईस एकंदर १००० मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागतें. पैकीं सुमारें ३०० गर्भ व वार ह्यांकडे जातें, ५०० तिचें स्वतःचें रक्त वाढतें त्यांत खर्च होतें, आणि बाकीचें नित्याच्या झिजेंत. म्हणजे सरासरीनें रोज साडेतीन मिलिग्रॅम लोह रक्तांत उतरलें पाहिजे. पहिल्या तीन महिन्यांत ही गरज थोडी असते, शेवटच्या तीन महिन्यांत ती सहा मिलिग्रॅमच्या घरांत जाते. ध्यानांत ठेवावें कीं हा आकडा रक्तांत उतरलेल्या लोहाचा आहे, तोंडांत घातलेल्या लोहाचा नव्हे. सारा घोटाळा ह्या भेदांतच आहे.

आपल्या बाजूच्या ताटाचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अन्नकोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम ज्वारींत सुमारें ४ मिलिग्रॅम लोह असतें. तितक्याच बाजरींत ६.४, गव्हाच्या कणकेंत ४, तुरीच्या डाळींत ४, सबंध हरभऱ्यांत ६.८ व मसुरीच्या डाळींत ७ मिलिग्रॅम असतें. सडलेल्या पांढऱ्या तांदळांत एक मिलिग्रॅमही नसतें. मेथीच्या पाल्यांत साडेपांच, पालकांत अवघें तीन. तीळ १५च्या आसपास व कारळे १८च्या आसपास जातात. अळिवाचा आकडा जुन्या पुस्तकांतून १०० दिलेला आढळतो व अद्याप तो पुष्कळांच्या तोंडीं आहे. नव्या कोष्टकांत तो १७ आहे. अळीव चांगलेच, परंतु जुन्या आकड्यावर विसंबून चमचाभर अळिवांत काम भागलें असें समजूं नये.

आतां समजा, एका गर्भिणीनें दिवसभरांत ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या, ६० ग्रॅम तुरीचें वरण, १०० ग्रॅम मेथीची भाजी, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे आणि १० ग्रॅम कारळ्याची किंवा तिळाची चटणी खाल्ली. बेरीज सुमारें साडेतेवीस मिलिग्रॅम होते. पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणें गर्भिणीस रोज २७ मिलिग्रॅम पाहिजे. तेव्हां वरवर पाहतां तूट थोडीच दिसते, आणि पुष्कळ घरांत ह्याहून बरेंच कमी खाल्लें जातें हें खरें असलें तरी हें ताट वाईट म्हणतां यावयाचें नाहीं.

पण धान्य व डाळींतील लोहापैकीं शंभरांत पांचच भाग रक्तांत उतरतात असें धरिलें, तर साडेतेवीसपैकीं एक मिलिग्रॅमहून किंचित् अधिक हातीं लागतें. गरज तर साडेतीनाची ते सहाची. गर्भिणीचें आंतडें महिने भरत जातात तसतसें आपण होऊनच अधिक लोह ओढूं लागतें, ही निसर्गाची कृपा. जेवणाची मांडणी नीट केली तर पांचाचे दहा भागही होऊं शकतात. ताट तेंच, खर्च तोच, आणि हातीं येणारें लोह दुप्पट. म्हणून "लोह कशांत अधिक" ह्या प्रश्नापेक्षां "तें कशाच्या संगतीनें खाल्लें" हा प्रश्न मोठा आहे, असें आमचें मत आहे.

अडविणारे आणि सोडविणारे

धान्याच्या कोंड्यांत व डाळींच्या सालींत फायटेट नांवाचें द्रव्य असतें. जमिनींत चुना जें करतो तेंच पोटांत हें करतें: लोहास धरून ठेवतें. म्हणून कोंडा फेंकून द्यावा असें मात्र नव्हे, कारण लोहही पुष्कळसें तेथेंच असतें. फायटेट म्हणजे बियाण्यानें अंकुरासाठीं राखून ठेवलेला स्फुरदाचा सांठा होय. बीं भिजलें व मोड येऊं लागले कीं तें स्वतःच हा सांठा फोडूं लागतें. मटकी, मूग, हरभरा भिजवून, मोड आणून खाण्याची आपली रीत ह्या दृष्टीनें फार शहाणपणाची आहे. पीठ आंबवूनही तोच परिणाम होतो. ज्वारीची आंबील, डाळ-तांदुळाच्या आंबवलेल्या पिठाचीं धिरडीं हीं त्यांतलींच. भाकरीचें पीठ सहसा आंबवीत नाहींत, त्यामुळें भाकरीस इतर उपाय पाहावा लागतो.

तो उपाय 'क' जीवनसत्त्वाचा, आणि नागपूरकरांस तो शोधण्यास कोठें जावें लागत नाहीं. एका मध्यम संत्र्यांत हें जीवनसत्त्व ४० ते ५० मिलिग्रॅम असतें. जेवणाबरोबर किंवा जेवण होतांच खाल्लेलें संत्रें त्याच जेवणांतील लोह मोकळें करून रक्तांत उतरण्यास मदत करतें. अशा संगतीनें लोहाची प्राप्ति दुपटीच्या जवळ गेल्याचे प्रयोग आहेत. मात्र "त्याच जेवणांतील" हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुपारीं तीन वाजतां रिकाम्या पोटीं खाल्लेलें संत्रें तब्बेतीला चांगलें असेल, पण बारा वाजतां खाल्लेल्या भाकरीतील लोहास त्याचा उपयोग नाहीं.

आंबिया बहाराचीं फळें ऑक्टोबर ते डिसेंबरांत व मृग बहाराचीं फेब्रुवारी ते एप्रिलांत येतात, म्हणजे वर्षाचे निदान सहा महिने बागाइतदाराच्या घरीं संत्रें असतें. परंतु व्यवहार असा आढळतो कीं मोठें फळ बाजारांत जातें, चुरी व्यापारी उक्ती नेतो, आणि घरच्या सुनेच्या वांट्यास पाहुण्यांसाठीं आणलेल्या फळांतील एखादी फोड येते. चुरीच्या फळांतही औषध तेंच आहे. दोन पाट्या घरांत ठेवाव्या. त्याची किंमत हिशेबांत धरण्यासारखीसुद्धां नसते. जेथें संत्रें नाहीं तेथें लिंबू, पेरू, कैरी, टमाटे, बोरें आणि सर्वांत श्रेष्ठ असा आवळा आहे. पेरू व आवळा ह्यांत हें जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतें. वरणावर अर्धें लिंबू पिळावयाचें तें भांडें चुलीवरून उतरल्यावर पिळावें. शिजण्यांत हें जीवनसत्त्व नाहींसें होतें.

आतां अडविणाऱ्यांत खरा दांडगा कोण म्हणाल तर चहा. चहांतील तुरट द्रव्य लोहास असें कवटाळतें कीं जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतल्यास त्या जेवणांतील निम्म्याहून अधिक लोह फुकट जातें. कॉफीचेंही तसेंच. सकाळीं चहा व पोळी, शेतावर निघतांना चहा व शिळी भाकरी, ही न्याहारी घरोघर आहे. गर्भिणीनें निदान तेवढ्या महिन्यांपुरता चहा जेवणापासून एक-दीड तास दूर ठेवावा. चहा सोडा म्हणून सांगितल्यास कोणी ऐकत नाहीं, पण वेळ बदलण्यास सहसा कोणी हरकत घेत नाहीं.

दूधही लोहाच्या वाटेंत थोडें येतें, कारण त्यांतील चुना. पण दूध गर्भिणीस अवश्य पाहिजे. तें रात्रीं निजतांना निराळें द्यावें म्हणजे भांडण मिटलें.

मांसाहार करणाऱ्यांची गोष्ट निराळी. मटण, कोंबडी, मासे ह्यांतील लोहाचा मोठा भाग अशा रूपांत असतो कीं त्यास फायटेट व चहा सहसा अडवीत नाहींत. त्यापैकीं शंभरांत पंधरा ते पंचवीस भाग रक्तांत उतरतात, आणि बरोबरच्या भाकरी-भाजींतील लोहासही ते ओढून नेतात. महागडें मटणच पाहिजे असें नाहीं. तळ्यांच्या मुलखांतील झिंगे व बारीक मासे, आठवड्यांतून दोन-तीन वेळां थोडे थोडे खाल्ले तरी उपयोग होतो. कलेजींत लोह पुष्कळ असतें, परंतु तींत 'अ' जीवनसत्त्वही अति असतें व तें अति झाल्यास गर्भास बाधतें, म्हणून पोटुशा बाईनें कलेजी वरचेवर खाऊं नये.

लोखंडी कढई व तवा ह्यांविषयीं आजकाल पुन्हां बोललें जातें तें योग्यच आहे. कढी, टमाट्याचें सार, अंबाडीची भाजी अशा आंबट पदार्थांत कढईचें लोह उतरतें. पदार्थ जरा काळसर होतो, त्यांत वाईट कांहीं नाहीं. शिजल्यावर तो दुसऱ्या भांड्यांत काढून ठेवावा. किती लोह उतरेल हें कढई, आंबटपणा व शिजण्याचा वेळ ह्यांवर अवलंबून असल्यामुळें हा जोडधंदा समजावा, मुख्य पीक नव्हे.

पालेभाज्यांविषयीं आपल्याकडे जमेची बाजू मोठी आहे. पावसाळ्यांत तरोटा व माठ, हिंवाळ्यांत मेथी, चाकवत व हरभऱ्याचा पाला, उन्हाळ्यांत चिवळ, आणि बाराही महिने दारच्या मुनग्याचा पाला. मुनग्याचें एक झाड सांडपाण्यावर वाढतें. भाजी चिरून धुण्यापेक्षां धुऊन चिरावी, व तिचें पाणी फेंकूं नये.

उलट, रंगावर भाळून पैसा खर्च होतो त्याची आम्हांस खंत वाटते. डाळिंब व बीट तांबडें म्हणून रक्त वाढवितें ही समजूत सर्वत्र आहे. १०० ग्रॅम डाळिंबांत अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतें. गुळांत थोडें आहे, पण २० ग्रॅमच्या खड्यांत एक मिलिग्रॅमच्या आंतच. गूळ-दाणे खावे, आवडीनें खावे. त्यावर बाळंतपणाची भिस्त ठेवूं नये.

माती, राख, पाटीवरची लेखणी किंवा कच्चे तांदूळ खावेसें वाटणें ह्यास डोहाळे समजून कौतुक करण्यांत येतें. पुष्कळ वेळां तें लोहाच्या उणिवेचें लक्षण असतें. मातीनें पोटांतील लोह आणखी अडतें आणि जंतही होतात. अशा बाईचें रक्त ताबडतोब तपासून घ्यावें.

गोळी ही हिराकसच आहे

इतकी सारी काळजी घेतली तरी वरच्या हिशेबांत साडेतेवीसपैकीं शंभरांत दहा भाग म्हणजे २.३ मिलिग्रॅम होतात. शेवटच्या महिन्यांची सहाची गरज त्यांत भागत नाहीं. लग्नापूर्वींपासूनच जिच्या अंगांत चांगला सांठा असेल ती हा काळ निभावून नेईल. पण बारा-तेरा वर्षांच्या वयापासून दरमहा रक्त जाणाऱ्या व पोटभर न जेवणाऱ्या आपल्या मुलींत असा सांठा क्वचितच असतो. तेव्हां आहार कितीही चांगला असला तरी गर्भारपणांत लोहाची गोळी घेतलीच पाहिजे.

ही गोळी म्हणजे काय ह्याचा बागाइतदारांस अचंबा वाटेल. सरकारी दवाखान्यांतून मिळणारी गोळी फेरस सल्फेटची, म्हणजे आपण संत्र्यावर फवारतों त्या हिराकशीचीच शुद्ध केलेली जात आहे. २०१८ सालीं सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत ह्या योजनेप्रमाणें चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हां १८० दिवस द्यावयाची असते. प्रत्येक गोळींत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतें. ६०चा दहावा हिस्सा जरी रक्तांत उतरला तरी दिवसाची गरज भागते. शेतीची हिराकस मात्र चुकूनही कोणीं पोटांत घेऊं नये, ती शुद्ध नसते. आणि गोळ्यांची डबी लहान मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी उंच ठेवावी. गोड गोळी समजून मुलांनीं मूठभर खाल्ल्यास जीव जाण्याइतकी विषबाधा होते.

देशांत लोहाच्या गोळ्या वाटण्याचा कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. असें असतां निम्म्या बायका फिक्या कां? ह्याचें एक उत्तर असें कीं गोळी घरांत येते, पोटांत जात नाहीं. वर सांगितलेल्या पांचव्या सर्वेक्षणांत १०० दिवस किंवा अधिक गोळ्या घेतलेल्या मातांचें प्रमाण देशांत ४४ टक्के होतें, आणि पुरे १८० दिवस घेतलेल्यांचें अवघें २६ टक्के. गोळीनें मळमळतें, शौचास काळें होतें, पोट बांधतें, म्हणून ती सुटते. काळ्या शौचास भिऊं नये, तो न शोषलेल्या लोहाचा रंग आहे. मळमळत असेल तर ती रात्रीं जेवणानंतर घ्यावी. लिंबाच्या पाण्याबरोबर घेतल्यास अधिक चांगलें. दूध व चहा ह्यांबरोबर घेऊं नये, आणि दवाखान्यांतून मिळणारी चुन्याची म्हणजे कॅल्शियमची गोळी तिच्यापासून निदान दोन तास दूर ठेवावी. गोळीनें मूल काळें होतें किंवा फार मोठें होऊन बाळंतपण अडतें, ही समजूत निखालस खोटी आहे. सासूबाईंच्या मनांतून ती काढणें हें घरांतील वाचत्या माणसाचें काम.

हिमोग्लोबिन ७च्या खालीं असल्यास घरगुती उपचारांत एक दिवसही घालवूं नये. शिरेंतून लोह किंवा प्रसंगीं रक्तच द्यावें लागतें, आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयांतच झालें पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांतून गर्भिणींची विनामूल्य तपासणी करण्याची योजना २०१६ पासून आहे. गाडी जुंपून म्हणा, मोटरसायकलवर म्हणा, त्या दिवशीं बाईस तेथें पोंचविणें घरधन्याच्या हातचें आहे.

फिकें रक्त, पण लोह नको

विदर्भांतील वाचकांस एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. फिकी दिसणारी प्रत्येक बाई लोहाच्याच उणिवेनें फिकी असते असें नाहीं. सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा दोष आपल्या भागांतील अनेक समाजांत आहे. हिंदुस्थानांत त्याचा प्रथम पत्ता १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांत लागला, आणि मध्य हिंदुस्थानांतील त्याच्या आढळाविषयीं शुक्ला व सोळंकी ह्यांचा लेख १९५८ सालीं प्रसिद्ध झाला. ह्या दोषांत रक्ताच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व लौकर मोडतात. मोडलेल्या पेशींतील लोह अंगांतच राहतें; ज्यांना वारंवार रक्त चढविलें आहे त्यांच्या अंगांत तर तें सांचून यकृतास व हृदयास अपाय करूं शकतें. अशा बाईस तपासणीशिवाय लोहाचा मारा करणें धोक्याचें आहे; तिनें डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच काय तें घ्यावें.

ज्यांच्यांत दोष एकाच बाजूनें, म्हणजे आईकडून किंवा बापाकडून आलेला आहे, अशा वाहक बायका सहसा निरोगी असतात व त्यांनाही इतरांसारखी लोहाची गरज पडूं शकते. परंतु नवरा-बायको दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच, खरें म्हणजे लग्न ठरवितांनाच, दोघांचें रक्त तपासून घ्यावें. कुंडली पाहण्यास लागतो त्याहून ह्यास अधिक वेळ लागत नाहीं. तपासणी सरकारी दवाखान्यांतून होते, आणि केंद्र सरकारनें ह्या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम जुलै २०२३ मध्यें सुरू केली आहे.

लोहाखेरीज आणखी एका द्रव्यावांचून रक्त तयार होत नाहीं, आणि त्याचा शोध आपल्याच महाराष्ट्रांत लागला हें फारसें कोणास ठाऊक नाहीं. १९२८ सालीं डॉ. लूसी विल्स ही इंग्रज बाई मुंबईस आली. तेथील गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांत एक जबर पांडुरोग होता, व तो लोहानें बरा होत नव्हता. त्यांचा आहार तपासतां तो निकृष्ट आढळला. शेवटीं यीस्टचा अर्क दिल्यावर त्या सुधारल्या, आणि हें तिनें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य पुढें १९४१ सालीं पालकाच्या पानांतून काढण्यांत आलें, म्हणून पानास लॅटिन भाषेंत जो शब्द आहे त्यावरून त्यास फॉलिक आम्ल हें नांव पडलें. पालेभाजीचें महत्त्व लोहापेक्षांही ह्या आम्लामुळें अधिक आहे असें म्हटल्यास चालेल. तें फार शिजविण्यानें नासतें, तेव्हां भाजी बेतानें शिजवावी. मांस-अंडीं न खाणाऱ्यांनीं दूध-दहीं नियमानें घ्यावें, कारण रक्तास लागणारें 'ब-१२' जीवनसत्त्व वनस्पतींत नाहीं.

पंगतीचा क्रम

हें सारें खरें, पण घरांत जेवणाचा क्रम जुनाच राहिला तर व्यर्थ आहे. आधीं पुरुष, मग मुलें, मग सासू, आणि शेवटीं सून. तिच्या वांट्यास वरणाचें पाणी व भाजीचें बूड. कित्येक घरांत तर "पोट मोठें होईल, बाळंतपण जड जाईल" म्हणून तिचें अन्न मुद्दाम कमी करतात. गाभण म्हशीस पेंड वाढविणारा शेतकरी हें कसें चालूं देतो हें कोडेंच आहे. गर्भिणीचें ताट पहिल्या पंगतींत वाढावें, निदान भाजी व वरण तिच्यापुरतें आधीं काढून ठेवावें. हा हुकूम घरधन्यानेंच सोडावयाचा आहे. सुनेच्या तोंडून तो निघणार नाहीं.

घरच्या बायकांइतकाच आपल्या शेतांत निंदणाला व कापूस वेंचणीला येणाऱ्या मजूर बायकांचाही विचार झाला पाहिजे. ओल्या मातींत अनवाणी पायांतून आंकडेकृमि अंगांत शिरतो व आंतड्यास चिकटून रोज थोडें थोडें रक्त पितो. पायांत चप्पल, शेतावर आडोसा व शौचकूप, हे त्यावर खरे उपाय. चौथ्या महिन्यानंतर दवाखान्यांतून जंताचें औषध एकदां देतात, तें घ्यावें. पोटुशा मजूर बाईस वांकून करावयाचें काम कमी द्यावें व ९ तारखेची रजा पगारी द्यावी. मूठभर फुटाणे व एक संत्रें दुपारच्या सुटींत दिलें तर मालकाचें कांहीं बिघडत नाहीं.

शेवटीं पेरणीविषयीं. विदर्भांत ज्वारीची जागा कपाशी व सोयाबीन ह्यांनीं घेतली, आणि ताटांत ज्वारीच्या जागीं पांढरा भात वाढला. लोहाच्या दृष्टीनें हा बदल तोट्याचा झाला. परभणीच्या कृषि विद्यापीठानें २०१८ सालीं 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला. त्यांत किलोमागें ४५ मिलिग्रॅम लोह आहे. कोष्टकांतील सरासरीशीं ताडून पाहतां ही वाढ फार मोठी नाहीं; त्याचा खरा लाभ फायटेट कमी असण्यांत आहे असें आम्हांस वाटतें. हलक्या जमिनीवर बाजरी घेणाऱ्यांस 'धनशक्ती' हा वाण आहे, त्यांत किलोमागें सुमारें ७१ मिलिग्रॅम लोह असतें. अशा लोहयुक्त बाजरीच्या भाकरी महाराष्ट्रांतील ग्रामीण शाळांतील मुलांना देऊन पाहिल्या, तेव्हां चार महिन्यांत त्यांच्या अंगांतील लोहाचा सांठा वाढलेला आढळला. हा प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. धनशक्ती संकरित नाहीं, त्यामुळें शेजारीं दुसरी बाजरी नसल्यास घरचें बीं ठेवतां येतें.

एका गर्भिणीस रोज ३०० ग्रॅमप्रमाणें नऊ महिन्यांस ८४ किलो ज्वारी लागते. एकरीं आठ क्विंटल उत्पन्न धरलें तरी चार-पांच गुंठ्यांत तेवढी निघते. एवढ्याशा तुकड्यावर पांखरें सारीच कणसें फस्त करतात, म्हणून शेजारच्या तिघां-चौघांनीं मिळून एका बांधास लागून पेरावी व राखणीचे दिवस वांटून घ्यावे.